चुन्याचा एक हात

मी तेव्हा रत्नागिरीत सरकारी बांधकामावर ओव्हरसियर होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. सड्याच्या, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळपठाराच्या, टोकाला पाण्याची नवी टाकी बांधायचं काम माझ्याकडे होतं. गावात सगळं बांधकाम जांभ्या दगडाच्या चिऱ्याचं. पोटात लोखंडी सळया घालून उभी केलेली सिमेंटची भिंत तिथं कुणी पाहिली नव्हती. लोक बघायला यायचे आणि मी ती काठीनं ठोकून दाखवायचो.

चिरे नुसते एकावर एक रचून गडगे घालण्यात जन्म गेलेला एक म्हातारा गवंडीही आला. भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "सायेब, म्हशीनं धडक दिलान तर माज्या गडग्याचे चार चिरे पडतात, पन म्हस वाचते. ह्या तुमच्या भिंतीवर म्हसच मरंल."

"मग म्हशी इकडे सोडू नका म्हणजे झालं," मी म्हटलं. तो हसला नाही. मला त्याचा रागच आला.

त्याच हिवाळ्यात मुंबईचा एक तरुण वैमानिक आपलं छोटं विमान घेऊन रत्नागिरीला यायचं ठरलं. त्याचं पत्र आलं : सड्यावरच्या मोकळ्या जागेत चुन्याची जाड पट्टी आखून ठेवा, ती पाहून मी उतरेन. पट्टी मीच आखून घेतली. दोन पिंपं चुना उरला. बडे पाहुणे येणार आणि माझी भिंत तशीच राखाडी! हौसेला मोल नसतं. उरलेला चुना मी भिंतीला द्यायला लावला. मला कुणी सांगितलं नव्हतं, माझीच नसती उठाठेव.

त्या दिवशी उजाडल्यापासून सड्यावर जत्रा लोटली. आवाज ऐकू आला तेव्हा हवा अजून धुकट होती. लोक पुढे धावले, पोलिसांनी त्यांना मागे रेटलं. मी खाली पाहिलं तर पट्टी कुठे दिसेना. शेकडो पावलांनी ती कातळावर विस्कटून टाकली होती. सड्यावर पांढरं असं आता एकच काय ते उरलं होतं : माझी भिंत. धुक्यात वरून तीच पट्टी वाटावी.

विमानानं एक फेरी मारली, वळलं आणि खाली येत सरळ टाकीकडे निघालं. मी अंगातला कोट काढून हलवत धावत सुटलो. लोकांना वाटलं, साहेब स्वागत करताहेत; त्यांनीही टोप्या उडवल्या. अगदी शेवटी विमानाचं नाक वर उचललं गेलं, पण फार उशीर झाला होता.

विमान लाकडाचं आणि कापडाचं. पंख जागच्या जागी चुरले, शेपूट पुढच्या भागात घुसली, आणि जड इंजिन मागे सरकून वैमानिकाच्या अंगावर आलं. तो जागीच गेला. गडगा असता तर चिरे ढासळले असते, विमान त्यांतून घसरत गेलं असतं, कदाचित त्याचं पाय मोडण्यावर निभावलं असतं. माझी भिंत तसूभर हलली नाही. त्या धडकेतलं काहीच तिनं स्वतःवर घेतलं नाही. सुपाएवढा चुना उडाला आणि त्याखाली एक चरा पडला.

मोठे साहेब आले. त्या चऱ्यावर बोट फिरवून मला म्हणाले, "शाब्बास." अहवालात वैमानिकाचा अंदाज चुकला असं लिहिलं गेलं. पट्टीचं आणि भिंतीच्या चुन्याचं मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. भिंतीला पुन्हा चुन्याचा हात द्या म्हणाले, तो मी दिला.

आठवड्यानं वैमानिकाचे वडील बोटीनं आले. मास्तर शोभतील असे शांत गृहस्थ. त्यांना जागा दाखवायचं काम माझ्यावर आलं.

"अहवाल वाचला मी," ते म्हणाले. "माझा मुलगा हलगर्जी नव्हता हो. लहानपणापासून फार जपून वागणारा." मग भिंतीकडे वळले. "एवढी पांढरीशुभ्र भिंत त्याला दिसली कशी नाही?"

खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते दिलं असतं तर त्यांचा मुलगा त्यांच्यापुरता तरी निर्दोष ठरला असता. मला स्वतःची शिसारी येत होती.

"धुकं होतं," मी म्हणालो.

"मग उतरायलाच नको होतं त्यानं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात मुलावरचा राग होता.

मी त्यांना बंदरापर्यंत पोचवायला गेलो. होडीत पाय ठेवण्यापूर्वी त्यांनी दोन्ही हात जोडून माझे आभार मानले.