मर्ल नोस्केनं केलेला पडदा

वारबिन गावात माणूस मेला की चर्चमध्ये प्रार्थना होते. प्रार्थना कुणाच्याही वाट्याला येते. पण मैदानावर त्याच्या नावाचा पडदा फुटायचा तर फुटबॉल क्लबसाठी आयुष्य झिजवलेलं असावं लागतं. क्लेम ट्रेवास्किस गेला तेव्हा त्याला पडदा मिळणार, याबद्दल गावात कुणी तोंडही उघडलं नाही, इतकी ती गोष्ट ठरलेली होती. तो पडदा मर्ल नोस्के करणार, हेही तसंच ठरलेलं होतं.

मर्ल लग्न होऊन वारबिनला आली, त्याच हिवाळ्यात सासूनं तिच्या हातात कात्री दिली होती. क्रेप कागदाच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्या जोडून घराच्या छपराएवढा उंच पडदा करायचा, त्यावर अक्षरं डकवायची, शनिवारी सामन्याआधी तो दोन काठ्यांवर मैदानात उभा धरायचा आणि आपल्या पोरांनी तो छातीनं फोडून पळत आत शिरायचं. आठवडाभराच्या कामाच्या क्षणात चिंध्या. यात खरं कसब चिकटपट्टीचं. ती कमी लावली तर गव्हाच्या शेतांवरून येणारा वाराच पडदा फाडतो; जास्त लावली तर पोरं त्यावर आपटून मागे पडतात आणि समोरचं गाव वर्षभर हसतं. मर्लचा पडदा कधी आधी फाटला नाही आणि कधी अडलाही नाही. सासू गेली, नवरा गेला, रेल्वे बंद झाली, शाळेत पोरं कमी झाली. मर्लचे पडदे चालू राहिले.

क्लेमला सगळे ट्रेव म्हणत. तो धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी कामाला होता आणि संध्याकाळी गावाच्या संघाला शिकवायचा. त्यानं वारबिनला चारदा अजिंक्यपद मिळवून दिलं. ज्या गावात धड दुकान उरलं नाही त्या गावासाठी हे काय होतं, ते गावालाच ठाऊक. तो गेल्याची बातमी आली त्या संध्याकाळी क्लबात उभं राहायला जागा नव्हती. बियरचे डबे फुटत होते, बायका चहाच्या बंबाशी उभ्या होत्या आणि जो तो आपापला ट्रेव सांगत होता.

"पुराच्या वर्षी आठवतं? पाण्यातनं ट्रॅक्टर घालून फुलबॅकला उचलून आणला होता त्यानं. अंगावर नुसता पायजमा!"

"फुलबॅकच्या की ट्रेवच्या?"

"दोघांच्या रे!"

"आणि ते त्याचं वाक्य," लॉर्ना डोळे पुसत म्हणाली. लॉर्ना मर्लची मैत्रीण, पडद्याच्या कामातली जोडीदारीण. "पाय मोडला तरच बाहेर यायचं, आणि तोसुद्धा दोन ठिकाणी!"

सगळा क्लब हसला. हसता हसता दोघातिघांना रडू फुटलं. मर्लनं कपबशा गोळा केल्या आणि ती घरी गेली. घरी ग्लेन होता.

ग्लेन तिचा एकुलता एक मुलगा. तिकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातांनीही झेलतात. एकोणिसाव्या वर्षी, अंतिम फेरीच्या आदल्या सामन्यात, उंच उडी मारून चेंडू झेलताना त्याच्या कानामागे कुणाचा तरी गुडघा बसला. तो कडेला येऊन बसला आणि आज कुठल्या गावाशी खेळतोय म्हणून विचारू लागला. पोरं हसली. ट्रेव त्याच्याजवळ वाकला, काहीतरी बोलला, पाठीवर थाप मारली आणि ग्लेन परत आत गेला. सामन्याच्या चौथ्या, शेवटच्या क्वार्टरमध्ये त्याला पुन्हा लागलं. यावेळी तो उठला नाही. वारबिन तो सामना जिंकलं. ग्लेन अडीच महिन्यांनी शुद्धीवर आला, पण गेला होता तो ग्लेन परत आलाच नाही. आता चाळिशी उलटली होती. उजवी बाजू लुळी, बोलणं चारदोन शब्दांचं. शनिवारी मर्ल त्याला गाडीत बसवून मैदानाच्या कडेला न्यायची. वारबिननं गोल केला की कुंपणाशी लावलेल्या सगळ्या गाड्या भोंगे वाजवत, आणि ग्लेनचा डावा हात स्टिअरिंगवर पडे. तेवढं त्याला येत होतं.

गावात या सगळ्याला "ग्लेनचा अपघात" म्हणत.

त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी, चर्च सुटल्यावर, ट्रेव नोस्केंच्या दारात उभा राही. हातात वस्तरा आणि साबणाची वाटी. तो ग्लेनची दाढी करायचा आणि करता करता आदल्या दिवसाचा सामना सांगायचा. उन्हाळ्यात सामने नसत, तेव्हा जुने सांगायचा. आजारी पडेपर्यंत त्यानं रविवार चुकवला नाही. बायको वारली त्या आठवड्यातही नाही. मर्ल चहा ठेवायची, तो बिस्किट बुडवून खायचा, "येतो मग," म्हणून जायचा. तिला त्याचा मनासारखा राग कधी करता आला नाही. ज्याच्यावर राग धरायचा तोच माणूस आपल्या मुलाच्या गळ्यावरून इतक्या हलक्या हातानं वस्तरा फिरवत असेल, तर बाईनं करायचं काय?

तिला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. त्यानं एकदा म्हणावं: मी त्याला परत पाठवला. माफी नको, रडणं नको. एवढंच वाक्य.

तो आजारी पडल्यावर ती त्याला भेटायला जिल्ह्याच्या गावी इस्पितळात गेली. ट्रेव पार सुकला होता. त्यानं तिचा हात धरला, ओठ हलवले, आणि मर्लला वाटलं, आता. तो म्हणाला, "आता ग्लेनची दाढी कोण करणार गं?" आणि रडू लागला. मर्ल थांबली. मग नर्स औषधं घेऊन आली. त्याच आठवड्यात तो गेला.

प्रेतयात्रेनंतर क्लबचा अध्यक्ष डॅरिल पोल्नर पडद्यासाठी दोन ओळी घेऊन मर्लच्या स्वयंपाकघरात आला. पडद्यावर यमक जुळलेलं लागतं, ही तिकडची रीत. डॅरिलनं घसा साफ करून वाचलं:

"ट्रेव, तुझा हात पाठीवर,
कुणी न राहिला वाटेवर."

"चांगलंय ना? बायकोनं जुळवलंय."

"ग्लेन राहिला," मर्ल म्हणाली.

डॅरिलनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तो अपघात होता, मर्ल."

"अपघात म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडी घसरते तो. तू कप्तान होतास ना? हातभर अंतरावर उभा होतास. ट्रेव काय म्हणाला ग्लेनला?"

"इतक्या वर्षांचं मला कसं आठवणार?"

"पुरात ट्रॅक्टर घातलेला आठवतो तुला. पायजम्याचा रंगसुद्धा आठवत असेल."

"हे बघ," डॅरिल म्हणाला, "त्या माणसानं जेवढं तुझ्या घरासाठी केलं तेवढं सख्ख्या भावानं केलं नसतं. तो आत्ता कुठे मातीआड झालाय. गावाला एक शनिवार तरी नीट रडू दे की."

मर्लनं किटली उचलून त्याच्या कपात चहा ओतला. "लोकांच्या बाजूला तुझ्या ओळी लॉर्ना डकवेल. मी त्या अक्षरांना हात लावणार नाही. बाकी पडदा मी करीन."

शेडमध्ये जमिनीवर कागद अंथरून दोघी गुडघ्यांवर बसल्या. लॉर्नानं अक्षरं कापली, डकवली आणि मध्येच दोनदा नाक शिंकरलं. पडद्याची दुसरी बाजू पळत येणाऱ्या पोरांना दिसते. तिथेही चार शब्द असतात.

"पोरांच्या बाजूला काहीच नाही लिहायचं?" लॉर्नानं विचारलं.

"काही नाही."

"मर्ल, अगं, बोल तरी काहीतरी."

"ती पट्टी दे इकडे. तू जास्त लावतेयस. आपटतील पोरं."

शनिवारी वारं होतं, तरी पडदा टिकला. पोरांनी दंडावर काळ्या फिती बांधल्या होत्या. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती, कुंपणाला गाड्या दाटीनं लागल्या होत्या. सगळे उभे राहिले, टोप्या उतरल्या, आणि पोरं कोऱ्या बाजूनं पळत येऊन ट्रेवचं नाव फोडून बाहेर आली. भोंग्यांचा एकच कल्लोळ झाला. ग्लेननंही वाजवला. डॅरिल मर्लच्या गाडीशेजारी कुंपणाला टेकून उघड उघड रडत होता. मर्ल मैदानात जाऊन नेहमीसारखे कागदाचे तुकडे वेचून आली.

सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या क्वार्टरमध्ये वारबिन एका गोलानं मागे होतं, तेव्हा चेंडूवर झेपावलेला टोबी फेअरिंग कुणाच्या तरी खांद्यावर डोकं आपटून पडला. तो लगेच उठला. हात वर करून ठीक आहे म्हणाला आणि चालू लागला, पण उलट्या दिशेला. नवा प्रशिक्षक जॅरड पस्तिशीचा, शाळेत मास्तर. त्यानं टोबीला बाहेर बोलावलं. टोबी नाही म्हणाला, शिव्या दिल्या. जॅरड स्वतः आत गेला आणि त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. वारबिनचा सगळ्यात चांगला खेळाडू बाकावर टॉवेलखाली रडू लागला.

कुंपणावरून ओरडा सुरू झाला. "अरे उभा राहिलाय ना तो!" "मास्तर, ही बालवाडी नाही!"

डॅरिलचा चेहरा लाल झाला होता. तो कुंपणावर वाकून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "ट्रेव असता तर उतरवला नसता त्याला! ट्रेव असता तर एक थाप मारून परत पाठवला असता!"

आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या.

मर्ल गाडीतून उतरली आणि डॅरिलच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"हो," ती म्हणाली. "परत पाठवला असता."

डॅरिल वळला. त्यानं मर्लकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून गाडीत, ग्लेनकडे. ग्लेनचा हात स्टिअरिंगवर तयार होता. आता कुणीतरी गोल करेल म्हणून तो वाट बघत होता. टाळ्या वाजवणारे दोघे जण आपल्या बुटांकडे बघू लागले.

"काय म्हणाला होता तो?" मर्लनं विचारलं. आवाज चढवला नाही.

डॅरिलनं कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरली. "म्हणाला, कुठल्या गावाशी खेळतोयस ते मी सांगतो, तू फक्त चेंडू आण. मी म्हटलं त्याला, याचे डोळे बघ. तो म्हणाला, कप्तान, तुझं काम तू कर." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "आणि पाठवला."

"पाठवला," मर्ल म्हणाली.

तेवढ्यात समोरच्या संघानं गोल केला. पलीकडच्या कुंपणाच्या गाड्या वाजू लागल्या, आणि ग्लेननंही जोरात भोंगा दाबला. कुणी हसलं नाही. वारबिन हरलं. माणसं क्लबात बियर प्यायला गेली. मर्लच्या गाडीपाशी कुणी आलं नाही. लॉर्ना लांबून हात करावा की नाही या विचारात उभी राहिली आणि मग आत गेली.

रविवारी चर्च सुटल्यावर ग्लेन खुर्चीत दाराकडे तोंड करून बसला. गळ्यात टॉवेल त्यानं स्वतःच अडकवून घेतला होता, डाव्या हातानं, वाकडा. चार आठवड्यांची दाढी वाढली होती. "ट्रेव," तो म्हणाला.

"नाही येणार तो," मर्ल म्हणाली.

"ट्रेव," ग्लेन पुन्हा म्हणाला.

चहा निवून गेला तेव्हा तिनं पाणी गरम केलं आणि मोरीतून नवऱ्याचा जुना वस्तरा आणला. मुलाच्या गालाला वस्तरा तिनं कधी लावला नव्हता. साबण लावून झाल्यावर कानामागच्या त्या खोल व्रणापाशी तिचा हात अडला. तिथून वस्तरा कसा वळवायचा, ते ट्रेवला ठाऊक होतं.

"हलू नकोस," ती म्हणाली. ग्लेन दाराकडेच बघत राहिला.