चाळीस अंशांवरचा गुडघा

अडतीस वर्षं मी झाशीच्या एका सरकारी कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासत होतो. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या यंत्रातल्या चुका काढत होतो. या कामाची माणसाला चटक लागते. घरीही मी आमटीतलं मीठ, दूधवाल्याचं माप आणि सुनेचं मराठी तपासत असे. तपासायचा राहून गेला तो एकटा मी. ती तपासणी या हिवाळ्यात परसातल्या गरम पाण्याच्या टबात, अपुऱ्या कपड्यांत पार पडली.

मी शरदचंद्र हर्डीकर, मूळचा विट्याचा. नोकरी लागली तेव्हा पाच वर्षांत बदली घेऊन परतायचं ठरलं होतं. पाचाची अडतीस झाली, दतिया गेटबाहेर घर झालं, आणि आता कोणी झाशी सोडा म्हटलं की मला राग येतो. हे म्हणणारा माणूस म्हणजे आमचा मुलगा सुमेध. तो पुण्यात असतो. त्याचं म्हणणं, घर विका आणि आमच्याजवळ या. बाबांचे गुडघे गेलेत, जिना चढताना ते देवाचं नाव घेतात आणि उतरताना माझं, असंही तो म्हणतो. यातलं दुसरं खोटं आहे. उतरताना मी कोणाचंच नाव घेत नाही, नुसता विव्हळतो.

दिवाळीत आमची पैज लागली. होळीपर्यंत मी कठडा न धरता गच्चीवर चढून दाखवायचं. जमलं तर घर विकायचा विषय कायमचा बंद, नाही जमलं तर सामान बांधायचं. मुलगा मायाळू असल्यामुळे त्याने बापाला हरवायची नाही, जिंकवायची सोय केली आणि एक हॉट टब पाठवून दिला. टब परसात पत्र्याखाली बसवला. तो बघायला अर्धी कॉलनी आली. शेजारच्या वर्माजींनी यात साबण चालतो का, असं विचारलं, आणि मी त्यांना अर्धा तास उष्णतेचं शास्त्र ऐकवलं.

टबात व्यायाम कसा करायचा हे दाखवायला नीरजा नावाची फिजिओथेरपिस्ट आली. टबाच्या बाकावर बसून पाय सरळ करायचा, काठ धरून उभं राहायचं, जागच्या जागी पावलं टाकायची. पण पाणी कोमटच हवं, चौतीस अंशांच्या आसपास. वेळ दहा-पंधरा मिनिटं. आधी आणि नंतर पाणी प्यायचं, बाहेर येताना सावकाश यायचं. जाताना ती दारात थांबून म्हणाली, "अंकल जी, आप बीपी की गोली खाते हैं. अकेले बिल्कुल नहीं उतरना." मी मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी. ती सव्वीस वर्षांची, आणि उष्णतेतला माझा अनुभव तिच्या वयाहून मोठा.

आमच्या कारखान्यात नव्या ट्रान्सफॉर्मरची एक परीक्षा असते. तो पूर्ण भारावर चालवायचा आणि त्याचं तापमान वाढायचं थांबेपर्यंत बंद करायचा नाही, मग कितीही तास लागोत. मधेच बंद केला तर परीक्षा बाद. मी गुडघ्याला हीच परीक्षा लावली. टबाचं बटण शेवटपर्यंत, म्हणजे चाळीस अंशांवर नेलं. एक वही केली. तिच्यात रकाने आखले: पाण्याचं तापमान, हवेचं तापमान, गुडघा किती वाकला. नाडीचा रकाना आखायचं मला सुचलं नाही. जॉबला, म्हणजे तपासायला आलेल्या वस्तूला, नाडी असते हे अडतीस वर्षांत कधी लक्षातच आलं नव्हतं.

आमची अलकनंदा, म्हणजे माझी बायको, रोज चार वाजता खंडेराव गेटकडे गणपतीच्या देवळात जाते. तिची रिक्षा वळली की मी टबात. नीरजाने सांगितलंय तसंच करताय ना, असं तिने एकदा विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं.

गुडघा खरंच सैल पडत होता, म्हणून मी वेळ वाढवत गेलो. त्या दिवशी पस्तीस मिनिटं झाली होती. गुडघा कधी नव्हे इतका वाकला. आनंदाच्या भरात मी ताडकन उभा राहिलो, वहीत लिहावं म्हणून. शेजारची पाण्याची टाकी सावकाश माझ्यासमोरून डावीकडे निघून गेली. मी पुन्हा पाण्यात बसलो. तेच चुकलं. डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात शिट्टी वाजू लागली. स्टुलावरचा फोन वाजत होता, सुमेधचा. हात उचलेना.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ट्रान्सफॉर्मरमधलं तेल आतली उष्णता बाहेर काढून नेतं. इथे पाणी माझ्यातच उष्णता ओतत होतं. माझं तापमान स्थिरावणार होतं ते फक्त मी आटोपल्यावर. उष्णता कुठून कुठे वाहते हे कळायला मला बुडायची वेळ यावी, याची लाज वाटायलाही उसंत नव्हती. मी घाबरलो होतो, अगदी मुळापासून. कसंबसं अर्धं अंग काठावर टाकलं आणि वाळत घातलेल्या गोधडीसारखा लोंबत राहिलो.

मी फोन उचलत नाही म्हटल्यावर सुमेधने आईला लावला होता. ती रिक्षा पळवत आली. ओरडली नाही. बटण बंद केलं, घोटघोट पाणी पाजलं, मी सावरेपर्यंत काखेत हात घालून धरून ठेवलं आणि स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकली.

संध्याकाळी सुमेधचा फोन आला. काय झालं होतं? झोप लागली होती, एवढं म्हटलं असतं तर झाशी वाचली असती. वाक्य जिभेवर होतं. पण खोट्या अहवालावर सही करायची सवय नव्हती, आणि या वयात नवीन काही शिकवत नाही कोणी. मी सगळं सांगितलं.

"बाबा, मतलब तुम्ही एकटे होता?" त्याने विचारलं.

तपासणीच्या जागी एकट्याने पाऊल टाकायचं नाही, दुसरा माणूस बटणापाशी हवाच, हा आमच्या विभागातला नियम मीच लिहिला होता. सुमेध म्हणाला, आता एक तर घर विकायचं, नाहीतर आई रोज टबाशेजारी बसेल तरच पैज चालू. मला हायसं वाटलं. मी म्हटलं, "बसेल की. तिला काय काम असतं?"

अलकनंदा पोळीचं पीठ मळत होती. तिने हात धुतले आणि समोर येऊन बसली.

"मला विचारा," ती म्हणाली. "विट्याहून इथे आणलंत तेव्हा विचारलं नाहीत. बदलीचा अर्ज फाडलात तेव्हा नाही, घर बांधलंत तेव्हा नाही. आता राहायचं की जायचं हे तुमचा गुडघा ठरवणार, आणि मी काय, नुसतं सामान बांधणार?"

दुसऱ्याच्या चुका काढण्यात जन्म गेलेल्या मला एवढी मोठी चूक घरात, रोज ताटासमोर दिसत असून सापडली नव्हती. मी फोन बाजूला ठेवला. मी विचारलं, "बसशील का? आणि... तुला कुठे राहायचंय?"

"बसते," ती म्हणाली. "दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होळीला देईन. मला विचार करायचाय. पहिल्यांदाच विचारलंत."

तेव्हापासून पाणी चौतीस अंशांवर असतं. बारा मिनिटं झाली की ती उठा म्हणते आणि मी उठतो, सावकाश. काल मी कठडा न धरता गच्चीवर चढलो. सुमेधने पैज मी जिंकल्याचं जाहीर केलं. मी त्याला म्हटलं, थांब, निकाल अजून लागायचाय.

होळीला आठ दिवस आहेत. पुण्यात नात आहे, इथे देऊळ आहे, मैत्रिणी आहेत. ती काय म्हणेल याचा मला अंदाज नाही, आणि एवढी वर्षं सोबत राहून अंदाज नसावा याचं वाईट वाटतं. ती म्हणेल तसं करायचं, हे मात्र मी पक्कं ठरवून टाकलंय. तेही तिला न विचारताच.