सर्व्हर पुसायची परवानगी

कुठल्याही ऑफिसात वर्षभर काढलं की सांगायला चार गोष्टी जमतात. गडचिरोलीतल्या आलापल्लीला आमच्या संस्थेच्या ऑफिसात एकाच कामावर इतक्या जमल्या, की बंगळूरच्या मैत्रिणी फोनवर ‘कशी आहेस’च्या आधी ‘सर्व्हरचं काय झालं’ विचारतात. मी हसत सांगते, पण राग अजून गेलेला नाही.

आधी काम काय होतं ते सांगते. जंगलावर सामूहिक हक्क मागणाऱ्या गावांचे नकाशे, फोटो आणि म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी आम्ही इंटरनेटवरच्या एका भाड्याच्या कॉम्प्युटरवर ठेवतो. तो मुंबईत कुठेतरी आहे, आमच्यापैकी कुणी तो पाहिलेला नाही. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम इतकी जुनी झाली होती, की बनवणाऱ्यांनी तिची डागडुजीच बंद केली होती. कुणीही चोर आत शिरावा अशी अवस्था. नवी टाकायची तर डिस्क पूर्ण पुसावी लागणार. आणि त्या डिस्कवर, फक्त तिथेच, पांडूबाबा होते.

पांडूबाबा भामरागडकडच्या एका गावचे. गावाचा दावा फेटाळला गेला होता, अपिलाची सुनावणी व्हायची होती, आणि सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे त्यांची साक्ष. गावाची शीव कुठल्या नाल्यापासून कुठल्या डोंगरापर्यंत, चाळीस मिनिटं, सगळं गोंडीत. रेकॉर्डिंग मीच केलं. मध्येच त्यांना खोकल्याची उबळ आली. मी म्हटलं, “थांबा बाबा, पुन्हा घेऊ.”

“खोकला बी माहाच हाये,” ते म्हणाले. “राहू दे.”

गेल्या उन्हाळ्यात ते वारले.

* * *

सर्व्हरचं खातं एका योजनेतलं, म्हणून एका सरकारी कार्यालयाच्या नावावर. परवानगी काढायला मी आणि दिवाकरभाऊ गेलो. दिवाकरभाऊ आमचे समन्वयक. जिल्ह्यातल्या कुठल्या टेबलावर कोण बसतं हे त्यांना पाठ आहे.

तिथल्या बाबूंनी अर्ज वाचला. “कामाच्या आधीचा, चालू असतानाचा अन् झाल्यावरचा, असे तीन जागा-तारीख छापलेले जिओ-टॅग फोटो लागतीन मॅडम.”

“सर्व्हर मुंबईत आहे.”

“मंग मुंबईले जा.”

“गेले तरी आत सोडत नाहीत.”

“आपल्याच कामावर आपल्याले सोडत नाई? काऊन?”

मी अर्धा तास भांडले. क्लाऊड म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. दिवाकरभाऊ तेवढ्यात बाहेर गेले, माझा लॅपटॉप आवारातल्या सागाच्या ओंडक्यावर ठेवला आणि मला हाक मारली. तीन फोटो काढले. लॅपटॉप बंद, लॅपटॉप चालू, लॅपटॉप पुन्हा बंद.

“हे खोटं आहे, भाऊ.”

“खोटं कसं? तारीख खरी, जागा खरी, तू बी खरी.”

आठ दिवसांत मंजुरी आली. शेरा होता: ‘फोटोत झाडे जास्त, काम कमी दिसते.’

* * *

खात्यात शिरायला ओटीपी लागायचा, आणि तो जायचा त्या कार्यालयाच्या जुन्या साहेबांच्या मोबाईलवर. साहेबांची बदली भामरागडला झालेली. नंबर बदलून द्या म्हटलं तर म्हणाले, “सगळी कामं माझ्या नंबरावर चालू आहेत, तुमच्यासाठी कुठं घोळ घालू? मागा ना, देतो की.”

ते पावसाळ्याचे दिवस. नदीला पूर, रस्ता बंद, टॉवरही बंद. ओटीपी दहा मिनिटं चालतो. मी दिवसभर आशेनं बटण दाबत बसले. अकरा वेळा.

चौथ्या दिवशी टॉवर सुरू झाला. साहेबांना अकरा ओटीपी एकदम मिळाले. त्यांनी एकही गाळला नाही. अकराच्या अकरा आकडे क्रमवार लिहून पाठवले आणि खाली लिहिलं, ‘कृपया पोच द्यावी.’

पुढे ते सुट्टीवर चंद्रपूरला आले, तेव्हा दिवाकरभाऊंनी शेजारी बसून नंबर बदलून घेतला. मी नव्हते म्हणूनच जमलं, असं ते अजून सांगतात.

* * *

ही गोष्ट सांगताना मला हसू येत नाही.

पुसण्याआधी साक्षी कार्यालयाच्या फायलीला जोडाव्यात, म्हणजे एक प्रत तिथेही राहील, असं माझ्या मनात आलं. पांडूबाबांच्या गावच्या नऊ साक्षींची यादी घेऊन गेले आणि कार्यालयाच्याच कॉम्प्युटरवर सर्व्हरवरून ऐकवायला बसले. बाबूंनी पांडूबाबांची दोन मिनिटं ऐकली आणि कानातून इअरफोन काढला.

“हे मराठीत नाई.”

“गोंडीत आहे. जंगलाचं ते गोंडीतच सांगायचे.”

“त्यांले मराठीत बोलाले सांगा.”

“ते वारले.”

बाबूंनी मान हलवली, वाईट वाटल्यासारखी. मग कागदावर लिहून दिलं: मृत्यूचा दाखला जोडावा व साक्ष मराठीत पुन्हा घ्यावी.

माणसाचं जंगल त्याच्या भाषेत ऐकायला ज्यांना वेळ नाही, तेच त्याला पुरावा मागतात. मी हे तिथेच बोलले, जरा मोठ्यानं. दिवाकरभाऊंनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. नऊ साक्षींची यादी पुन्हा पिशवीत.

* * *

शहरातले एक सल्लागार आम्हाला फुकट मदत करत. व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले, “अगं, पॅनेलमध्ये जायचं, नवी सिस्टीम निवडायची, बटण दाबायचं. पाच मिनिटं. बॅकअप तर असेलच.”

“घ्यायचाय. फायली मोठ्या आहेत, इथलं नेट त्यांना पुरत नाही.”

“मग ऑडिओ साफ करून घे. शांतता, खोकला, कोंबड्या, सगळं काढून टाक. निम्मं होईल.”

मी कॅमेरा बंद केला, कारण तोंडावरचा राग लपवता येत नव्हता. दिवाकरभाऊ मागून म्हणाले, “साहेब, तुमच्या घरी कोंबड्या नाईत वाटते.”

* * *

बॅकअप शेवटी चंद्रपूरकडच्या मूल गावी, आमच्या घरी घेतला. घरी बुद्धमूर्तीशेजारी राउटर आहे आणि नेट बऱ्यापैकी चालतं. दोन दिवस लागले. शेवटी स्क्रीनवर हिरवी खूण आली: पूर्ण, चुका शून्य. मी हार्ड डिस्क ओढणीत गुंडाळून आलापल्लीला आणली आणि म्हटलं, “चला भाऊ, बटण दाबते.”

“गावाले विचारलं?”

“हे तांत्रिक काम आहे. यात गावाला काय विचारायचं?”

दिवाकरभाऊंनी चष्मा काढला. “पोरी, मागच्या महिन्यात तू त्या वनाधिकाऱ्याले काय सुनावत होतीस? ग्रामसभेले न विचारता काडीले बी हात लावता येत नाई म्हणे.”

मी ऐकवलं होतं खरं. चांगलं तासभर.

म्हणून आम्ही पांडूबाबांच्या गावात गेलो. चाळीसेक माणसं जमली. पूर्वी कुणीतरी ‘शाळेचा कागद’ म्हणून अंगठे घेतले आणि तो बांबूतोडीचा निघाला. तेव्हापासून या गावात मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय कशालाही अंगठा मिळत नाही. मी उभी राहून समजावलं: जुनं पुसायचं, नवं टाकायचं, तुमच्या साक्षी इथे या डबीत आहेत.

पांडूबाबांची बायको जैनीबाई पुढेच बसली होती. टोपली विणत होती.

“वाचून दाखव,” ती म्हणाली.

“बाई, हा कागद नाही. यात आवाज आहे.”

“मंग आयकव.”

मी लॅपटॉप उघडला. नऊ नावं दिसली. पांडूबाबांच्या नावावर क्लिक केलं. काही झालं नाही. दुसरं, तिसरं. नवांपैकी एकही वाजेना.

जागा कमी पडली तेव्हा साक्षी मी त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या कप्प्यात हलवल्या होत्या, आणि जुन्या जागी नुसत्या खुणा ठेवल्या होत्या. दाराला चिठ्ठी लावून जावं तशा: ‘इथे नाही, तिकडे बघ.’ माझ्या बॅकअपने त्या नऊ चिठ्ठ्या इमानेइतबारे गोळा केल्या होत्या. माणसं मुंबईतच होती. आणि बटण दाबलं असतं, तर दोन्ही कप्पे पुसले जाणार होते.

मी ते तसंच्या तसं सांगितलं. कुणी रागावलं नाही. जैनीबाईनं फक्त टोपलीची पुढची काडी घेतली.

परतताना डांबरी रस्ता लागला तसा दिवाकरभाऊंनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “आपला बॅकअप बी जिओ-टॅग फोटोच झाला म्हणायचा.”

* * *

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी मी मूलला बसून नऊच्या नऊ साक्षी आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्या होत्या. सोबत मोठा स्पीकर, ठरावाचा कागद आणि शाईचं पॅड होतं.

पांडूबाबा शेवटी ठेवले. त्यांचा आवाज सुरू झाला तशी पोरं स्पीकरजवळ सरकली. नाला, मग मोहाची झाडं, मग दगड, मग पुढचा नाला. जैनीबाई स्पीकरकडे पाठ करून टोपली विणत होती. वीस मिनिटं गेली, तीस गेली. मला वाटलं, ती ऐकतच नाही.

मग तिचे हात थांबले.

स्पीकरमध्ये खोकला आला. लांबलचक, घरघरत. मग माझा आवाज, पुन्हा घेऊ. मग त्यांचा.

जैनीबाईनं टोपली बाजूला ठेवली, अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला आणि माझ्याकडे वळली.

“खोकला हाये,” ती म्हणाली. “पुस आता.”