टोपडं घातलेलं ऑफिस

बंद पडलेल्या ऑफिसातली माणसं भेटली की आधी तब्येतीची चौकशी होते आणि मग किस्से सुरू होतात. ते कधी साठतात कळत नाही. घडत असतात तेव्हा ते किस्से नसतातच, नुसता वैताग असतो! आमचं ऑफिस राजारामपुरीत, फाउंड्रीवाल्यांना कास्टिंगची ड्रॉइंग करून देणारं. मालक नितीनदादा, आणि आम्ही चौघं: सगळ्यांत जुने पाटीलकाका, अश्विनी, शिरोळचा सागर आणि मी. हे सगळं आम्ही एकमेकांना हसत सांगतो.

*

काम आटत चाललं होतं. नितीनदादा कुठल्याशा प्रदर्शनाला गेले आणि येताना चार व्हीआर हेडसेट घेऊन आले.

"आता मॉनिटर विकायचे! हे डोळ्याला लावायचं. आत तीन-तीन स्क्रीन, भिंतीएवढे! जागा पण कमी लागती."

जागा खरंच कमी लागली. दोन खोल्यांची एक खोली झाली.

काकांनी पट्टा बांधून घेतला, मान हलवून बघितली. म्हणाले, "लग्नात मुंडावळ्या बांधल्या, त्येचंच अजून निस्तरतोय. त्यात आता हे टोपडं!"

नाव पडलं ते पडलंच.

*

टोपडं घातलं की बाहेरचं काही दिसायचं नाही. कीबोर्ड चाचपडत टाइप करायचं. एकदा काकांची बोटं एक घर सरकली आणि अख्खं ड्रॉइंग भलत्याच अक्षरांनी भरून गिऱ्हाइकाकडं गेलं.

गिऱ्हाइकाचा फोन. "काका, ही भाषा कुठली म्हणायची?"

काका शांतपणे म्हणाले, "आतली."

*

एका दुपारी शिरोलीहून एक फाउंड्रीवाले आले. दादा बाहेर गेलेले. आम्ही चौघं डोळे झाकून, कान झाकून, हवेत बोटं नाचवत बसलेलो. त्यांनी दोनदा हाक मारली म्हणे. आम्हाला पत्ताच नाही.

ते खाली उतरले आणि चहावाल्याला म्हणाले, "वर काय अंगात आलंय व्हय समद्यांच्या?" चहा प्यायले आणि गेले.

संध्याकाळी चहावाल्यानं दादांना सांगितलं, "नवीन काम घेऊन आलते की पावणं. पिशवीत सॅम्पल बी हुतं."

दुसऱ्या दिवशी दादांनी दाराला घंटा बांधली. चांगली मोठी, देवळात असती तसली!

ती वाजवायला कुणी आलं नाही.

*

आत गेल्यावर भोवतीचा देखावा आपला आपण निवडता यायचा. सागरनं तळं निवडलेलं. चारी बाजूंनी निळं पाणी आणि मधे त्याचे स्क्रीन. "लई गार वाटतं, ताई," म्हणायचा.

पावसाळ्यात कृष्णा चढली. त्याचं घर पाण्यात गेलं. आई-वडील शाळेत मुक्कामाला, गुरं माळावर कुणाकडं तरी बांधलेली. त्याला परत गावात जायला वाट नव्हती, म्हणून ऑफिसात आला. बसला, टोपडं घातलं आणि लगेच काढलं.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"आत बी पाणीच हाय, ताई."

मी त्याचं टोपडं घालून तळं काढून टाकलं आणि नुसती करडी भिंत लावून दिली. तो तिच्याकडं तोंड करून दिवसभर बसला.

*

अश्विनीला मळमळायला लागलं. दुपार झाली की बेसिनकडं पळायची. लग्नाला बरीच वर्षं झालेली, उपास-तापास, दवाखाने सगळं करून झालेलं. मी गालात हसले. काकांनी चिंचेच्या गोळ्यांची पुडी आणून न बोलता तिच्या टेबलावर ठेवली. ती लाजली. सासूनं तर अंबाबाईची ओटी बोलून टाकली.

डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आली त्या दिवशी मी हळूच विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, ते डोळ्याला लावताय ते बंद करा."

एवढंच बोलून तिनं टोपडं चढवलं. पट्टा आवळला. संध्याकाळपर्यंत काढलं नाही. आत ती काम करत होती की काय करत होती, आम्हाला कळायला काही मार्गच नव्हता.

गोळ्यांची पुडी काकांनी उचलून परत खिशात टाकली.

*

आणि हा शेवटचा.

एका सकाळी नितीनदादांनी आम्हाला खुर्च्या फिरवून बसायला सांगितलं. आमची टोपडी टेबलावर. दादांनी त्यातलं सागरचं उचललं, स्वतःच्या डोक्याला चढवलं आणि आमच्यासमोर उभे राहिले. आम्ही त्यांना ते घातलेलं कधीच बघितलं नव्हतं.

"महिनाअखेरीला ऑफिस बंद करतोय," ते म्हणाले. "लई ढकललं. आता न्हाय ढकलत. तुम्ही दुसरीकडं बघा."

आवाज नेहमीसारखाच. हात मात्र खुर्चीची पाठ आवळून धरलेले. अश्विनी रडायला लागली. सागर फरशीकडं बघत राहिला. दादांचं टोपडं आमच्या डोक्यांवरून कुठंतरी पलीकडं बघत होतं.

काका उठले. दादा शाळेत होते तेव्हापासून काका त्यांच्या वडिलांकडं कामाला होते. ते जवळ गेले, दादांच्या डोक्यामागचा पट्टा सोडला आणि लहान पोराची टोपी काढावी तसं टोपडं अलगद काढून घेतलं. दादांनी डोळे घट्ट मिटलेले.

काकांनी ते उलटंसुलटं करून बघितलं. बटण दाबलं. परत दाबलं.

"दादा, ह्येला चार्जिंगच न्हाय की."

"माहीत हाय, काका."