न पाहिलेल्या मोटारीचा इसार

अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या सडकेवर, गावापासून दोन मैलांवर माणिकबाईची बाग होती. संत्र्याची साडेतीनशे झाडं, कडेनं मेथीचे आणि सांभाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, वाफे आणि विहिरीच्या धावेला लागून मोगरा. नवरा वारल्यावर चौदा वर्षं तिनं ही बाग एकटीनं सांभाळली, आणि त्या चौदा वर्षांत तिला फसवलं असं म्हणणारा माणूस अमरावतीच्या बाजारात सापडला नसता. कुंभाराचा माठ ती एक रात्र पाण्यानं भरून ठेवायची आणि मगच पैसे द्यायची. दलालानं तागडी उचलली की हिची नजर पारड्यावर नसायची, त्याच्या करंगळीवर असायची. बाजारात लोक म्हणत, माणिकबाई आरशात पाहते अन् मग मागं कोण उभं आहे तेही जाऊन पाहते.

हा संशय तिला जन्मापासून नव्हता. लग्नानंतरच्या सहाव्या वर्षी तिच्या नवऱ्यानं, नत्थुजीनं, एका रोपवाल्याकडून संत्र्याची दोनशे कलमं घेतली होती. माणूस गोड बोलणारा, रोपं हिरवीगार. चार वर्षं दोघांनी त्यांना लेकरासारखं पाणी घातलं. पाचव्या वर्षी फळ धरलं ते जंभेरीचं, दात आंबवणारं. कलम बांधलंच नव्हतं. रोपवाला केव्हाच मुलूख सोडून गेला होता, आणि नत्थुजीही ते फळ पाहायला राहिला नव्हता. माणिकबाईनं पदर खोचला आणि दोनशे झाडं स्वतःच्या हातानं तोडली. त्या दिवसापासून 'पुढं येईल' म्हणून कोणी काही विकायला लागला की तिचा हात आधी कनवटीवर जायचा.

आणि तिच्या एकुलत्या एका मुलाला, देवीदासाला, नेमकी अशीच वस्तू हवी झाली.

देवीदास तेवीस वर्षांचा. बागेत त्याचं मन नव्हतं. अमरावतीच्या कॅम्पातल्या एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात तो दिवसभर ग्रीस चोपडत असे. सडकेवरून मोटार गेली तर पाठमोरा बसून आवाजावरून सांगायचा, ही डॉक्टरसाहेबाची, हिचा एक सिलिंडर मेला आहे. एका संध्याकाळी तो रंगीत चित्रांचं एक चोपडं घेऊन आला आणि चुलीजवळ बसलेल्या आईपुढं उघडलं. चित्रात लांब नाकाची, काळीभोर, जमिनीला चिकटून धावणारी मोटार होती.

"माय, हे पाय. आठ सिलिंडरची हाय. घंट्याले ऐंशी मैल."

"कुठी हाय?"

"अजून यायची हाय. दिवाळीच्या बादमंदी मुंबईले उतरते. वामनराव एजंट म्हणते, साऱ्या वऱ्हाडात पयले एकच येईन, दुसरी मंग. आता डिपॉझिट भरलं तं आपला नंबर लागते."

माणिकबाईनं चित्रावरून बोट फिरवलं, मग बोट चुलीच्या उजेडात धरून पाहिलं, जणू रंग सुटतो का ते पाहावं.

"साधी मोटर काहून नाई घेत? थे तं आजच भेटते."

"साध्या मोटरी भाड्यानं पन्नास फिरून राहिल्या. वकिलाले अकोल्याच्या कोर्टात दहाले उभं राहाचं हाय, पेशंट अडला हाय, तं लोकं जलद गाडीलेच पैसे देतीन."

हिशेब बरोबर होता. पण बोलताना देवीदासाचे डोळे भाड्याकडे नव्हते, चित्राकडे होते, आणि हे आईला दिसत होतं.

दोन दिवसांनी दोघं वामनरावाच्या दुकानात गेले. कॅम्पातलं दुकान, पुढं मोठी काच, आत मात्र मोटार एकही नाही. तीन खुर्च्या, एक टेबल आणि भिंतीवर तेच चित्र. वामनराव चाळिशीचा, टोपी सारखी नीट करणारा. माणिकबाईला ते आवडलं नाही. ज्याचं डोकं थाऱ्यावर असतं त्याची टोपीही थाऱ्यावर असते, असं तिला वाटलं.

"बाई, गाडी अजून जहाजातसुद्धा चढलेली नाही," वामनराव म्हणाला. "अमेरिकेत बनते आहे."

"मंग थे चांगली हाय हे तुमाले कोनं सांगतलं?"

"कंपनीनं."

"कंपनी काय आपल्याच मालाले खराब म्हणीन?"

देवीदासानं खाली पाहिलं. वामनराव हसला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "माझ्यावर नका ठेवू विश्वास. अकोल्याचे सूर्यभानजी, जिनिंगवाले, त्यांनी परवाच पैसे भरले. ते काय खुळे आहेत? त्यांच्याआधी तुमचा नंबर लावतो, केवळ देवीदास माझ्या ओळखीचा म्हणून."

सूर्यभानजीचं नाव ऐकून देवीदासाचा चेहरा उजळला. माणिकबाईचा उलट आवळला. परक्या माणसानं कारण नसताना आपल्याला पुढं काढलं, की तिला आधी मागं पाहावंसं वाटे. पण मुलानं तीन वर्षांचा पगार साठवला होता, आणि उरलेलं तिनं आंबे बहाराच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या फळाच्या, पैशातून देते असं आदल्या रात्री कबूल केलं होतं. पाचशे रुपये टेबलावर गेले. बाकीचे गाडी आल्यावर. देवीदासाच्या नावाची पावती मिळाली.

तिला वाचता येत नव्हतं. तिनं ती पावती शाळेच्या मास्तरकडून वाचून घेतली. दुसऱ्या दिवशी डाकवाल्याला दाखवली. तिसऱ्या दिवशी केशवराव वकिलांच्या घरी फुलं द्यायला गेली तेव्हा त्यांनाही. तिघांनी एकच वाचलं. तरी तिला चैन पडेना. कागद खरा असला तर माणूस खरा असतोच असं थोडंच आहे?

आठव्या दिवशी तिनं संत्र्याची एक करंडी बांधली, मुलाला सांगितलं, अकोल्याच्या मावसबहिणीकडे जाते, आणि बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला उतरली. मावसबहीण होती, नाही असं नाही, पण माणिकबाई तिच्या घराच्या अंगालाही गेली नाही. विचारत विचारत ती सूर्यभानजीच्या दारात पोचली.

सूर्यभानजी घरी नव्हते. त्यांची बायको सत्यवती ओसरीवर गहू निवडत होती. माणिकबाईनं करंडी उतरवली, भाव सांगितला, आणि सत्यवती संत्रं दाबून पाहते, वास घेते, देठ पाहते, हे पाहून तिला ती बाई लगेच पटली.

"तुमच्या घरी नवी मोटर येऊन राह्यली म्हणते," माणिकबाई म्हणाली.

"कोन म्हणते?"

"अमरावतीले बोलतेत. डिपॉझिट भरलं म्हणे मालकानं."

सत्यवतीनं सूप खाली ठेवलं. "आमी कवडी भरली नाई व बाई. थो टोपीवाला एजंट दोनदा येऊन गेला. म्हणे, अमरावतीच्या कोन्या देवीदासानं पैसे भरून टाकले, तुमी मागं राहान. मालकाले लय घाई झाली होती. मीच म्हटलं, थांबा जरा. थो देवीदास कोन, कुठचा, कोनाले मालूम?"

माणिकबाईनं हातातलं संत्रं करंडीत परत ठेवलं.

"माहा पोरगा हाय थो," ती म्हणाली.

मग सत्यवतीनं तिला आत बोलावून पाणी दिलं, चहा दिला. करंडीही ठेवून घेतली, मात्र भाव दोन आण्यांनी पाडूनच.

परतीच्या गाडीत माणिकबाईला खरं म्हणजे आनंद झाला होता. तिचा तिलाच तो कळला आणि बरा वाटला नाही. पोराचे पैसे गेल्यात जमा असताना मनात कुठंतरी 'मी म्हटलं नव्हतं?' असं वाजत होतं. मूर्तिजापूर येईपर्यंत तिनं ते दाबून टाकलं.

घरी येताच तिनं देवीदासाला सगळं सांगितलं. तिला वाटलं, तो पेटून उठेल. तो हात धूत होता. धूतच राहिला.

"म्हणजे सूर्यभानजीनं भरले नाई, इतकंच ना? गाडीचं खोटं कुठं सापडलं?"

"जो एक खोटं बोलते थो दुसरं नाई बोलनार?"

"माय, तू कालची मेथी पाणी शिपडून आजची म्हणून नाई इकत?"

"नाई इकत."

तो वळला आणि ओले हात तिच्यापुढं झटकले. लहानपणी बाजाराच्या दिवशी पहाटे जुड्यांवर पाणी शिंपडायचं काम त्याचंच होतं. माणिकबाईनं नजर काढून घेतली.

"थे मेथी लोकं हातात घेऊन पायतेत," ती म्हणाली. "मी चित्र नाई इकत."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दुकानात जाऊन बसली. वामनरावाला तिनं 'अकोला' एवढंच म्हटलं, आणि त्याचा हात टोपीकडे गेला तो तिथंच राहिला.

"खोटं बोललो, बाई," तो म्हणाला. "दोन नावं असल्याशिवाय कंपनी वऱ्हाडात गाडीच पाठवत नाही. दुसरं नाव दाखवल्याशिवाय पहिला भरत नाही, अन् पहिला भरल्याशिवाय दुसरा. मी काय करणार होतो? पण माणसाचं खोटं बोललो. गाडीचं नाही. गाडी येणार आहे."

"माहे पैसे देता?"

"पैसे मुंबईला गेलेत. आठ दिवसांत मागवून देतो. पण देवीदासची सही लागेल. आणि नंबर गेला तर मग मला बोल लावू नका."

ती उठली. दारातून मागं वळून तिनं त्याचा चेहरा पाहिला. त्यात लबाडी दिसेल म्हणून पाहिलं होतं. थकवा दिसला. पण थकवाही आणता येतो, असं म्हणून ती चालू लागली.

देवीदासानं सही केली. भांडला नाही, हेच तिला जड गेलं. सही करून कागद तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "मले एकदा इचारलं असतं अकोल्याले जाच्या आंधी. मीच घेऊन गेलो असतो तुले." नवव्या दिवशी पाचशेचे पाचशे परत आले. वामनराव स्वतः बागेत येऊन देऊन गेला. तिनं नोटा उन्हाकडे धरून पाहिल्या, आणि तो उभा राहून ते पाहत होता. त्याच महिन्यात देवीदास कारखाना सोडून अकोल्याला काम पाहायला गेला. पत्र नाही. गावचं कोणी अकोल्याला गेलं तर ती त्यांच्या हाती संत्री पाठवायची, आणि पोचली का म्हणून परत आलेल्या दोघांना वेगवेगळं विचारायची.

मार्गशीर्षात, दुपारच्या वेळी, ती झाडाखाली तोडलेली फळं निवडत होती. सडकेवर आवाज आला. तिला आवाजातलं काही कळत नव्हतं, तरी हा वेगळा आहे हे कळलं. लांब नाकाची काळी मोटार धुरळा मागं टाकत आली, बागेसमोर थांबली, आणि चालकाच्या जागेवरून देवीदास उतरला. अंगात खाकी कोट, डोक्यावर टोपी.

"कोनाची हाय?" तिनं पहिला प्रश्न विचारला.

"सूर्यभानजीची. मी ड्रायवर हावो. त्यायनं भरले होते मंग, आपले पैसे वापस भेटले हे आयकून सत्यवतीबाईनं हो म्हटल्यावर. दुसरं नाव वामनरावानं कारंज्याच्या एका कास्तकाराचं आणलं. गाडी दाराशी आली तवाच बाईनं बाकीचे पैसे देल्ले."

माणिकबाई मोटारीभोवती फिरली. चाकाला हात लावला, दाराला लावला. नाकावरचा पत्रा तापलेला होता, हात पटकन मागं घेतला.

"जुनी रंगवून नाई ना देल्ली?"

"माय!"

"इचारलं फकस्त."

"बस. मालक अमरावतीहून वलगावले गेले सोयऱ्याच्या गाडीनं. त्यायले इचारून आलो, खोटं नाई सांगत. बडनेऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

ती बसली, पण पदराचं टोक दाराच्या कडीला गुंडाळून धरलं. गाडी सुटली. निंबाची झाडं एकामागून एक तिच्या अंगावर येऊन मागं पडू लागली. नाल्याचा पूल आला की गेला हे तिला कळलंच नाही. भीती वाटली, आणि भीतीच्या पोटात आणखी काहीतरी वाटलं, त्याला तिच्याजवळ नाव नव्हतं. तिनं हळूच मुलाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिथं ती नव्हतीच, फक्त सडक होती.

बडनेऱ्याच्या बंद रेल्वे फाटकाशी त्यानं गाडी थांबवली.

"हे आपली राह्यली असती," तो म्हणाला. टोचून नाही, नुसतं सांगावं तसं.

"राह्यली असती," ती म्हणाली. "अन् नसती आली तं?"

"आली ना."

"आली," माणिकबाई म्हणाली. आपण चुकलो असं तिला वाटत नव्हतं. तो माणूस खोटं बोलला होता, ते आजही खोटंच होतं. पण आपण बरोबर होतो असंही म्हणवेना. ती काचेतून फाटकाकडे पाहत होती. पॅसेंजर धडधडत निघून गेली, फाटक उघडलं.

"चाल," ती म्हणाली, "आता वापस घे. अन् येतानी चालवली तशीच चालव, हळू नको करू."