आवाज न करणारी गस्त

आमच्या कॉलनीत दुपारी गस्तीला येणारी पोलिसांची गाडी आता हायब्रिड आहे. आधीची जीप दोन गल्ल्या अलीकडूनच खडखडत यायची. ही कधी येते आणि कधी निघून जाते, पत्ताच लागत नाही.

शेजारच्या इंदूताई एकट्या राहतात. गेल्या वर्षी भरदुपारी फाटकापाशीच कोणीतरी त्यांच्या गळ्यातली पोत हिसकावली. तेव्हापासून जीपचा आवाज कानावर पडला की मगच त्या आडव्या व्हायच्या. आता खिडकीत खुर्ची टाकून गाडीची वाट बघत बसतात. डोळे ओढलेले असतात.

काल गाडी माझ्या दारासमोर सावलीत थांबली, तेव्हा चालवणाऱ्या हवालदारांना मी हे सांगितलं. त्यांनी रुमालानं मान पुसली.

"गाडी चांगली आहे हो. पेट्रोल वाचतं, कंबर धरत नाही. चोराला चाहूल लागत नाही म्हणून साहेबही खूश. पण ताईंनाही लागत नाही, हे खरंच."

कोणीतरी आपल्यासाठी जागं आहे, हे नुसतं माहीत असून भागत नाही. दमलेल्या माणसाला ते ऐकूही यावं लागतं.

हवालदारांनी गाडी पुढे घेतली आणि ताईंच्या फाटकाशी हलकेच हॉर्न दिला. बसल्या बसल्या डुलकी लागलेल्या ताई दचकून जाग्या झाल्या. गाडी दिसताच त्यांनी हात हलवला आणि पडदा ओढून घेतला. हवालदारांनी एक लांबलचक जांभई दिली आणि ते पुढच्या गल्लीकडे वळले.