ओवीचा पंप आणि आमच्या आई

गेल्या रविवारी दिंडोरीला गेलो होतो. माझ्या नवऱ्याच्या आत्याकडे नातवाचं जावळ होतं. तिथे जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये...

आधी थोडं मागचं सांगते. आमची ओवी चार वर्षांची. सकाळी उठली की शिंकांची माळ, नाक लाल, आणि पहाटे पहाटे खोकला. आम्ही म्हणायचो, नाशिकची थंडी बाधते.

मग एकदा तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. धुळीतल्या किड्यांची अ‍ॅलर्जी निघाली... डोळ्यांना दिसतही नाहीत इतके बारीक, आणि राहतात कुठे, तर गाद्या, उशा आणि मऊ खेळण्यांत! "आत्ताच काळजी घेतली नाही तर दम्याचा त्रास वाढू शकतो," डॉक्टर म्हणाले.

घर रोज लखलखीत ठेवणाऱ्या माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, हे फार लागलं. "माझ्या घरात किडे?" असं त्या दिवसभर पुटपुटत होत्या.

गाद्यांना झिपची कव्हरं आली, चादरी गरम पाण्यात धुवायला लागलो. ओवीचा कापडी हत्ती गज्या किडे मरावेत म्हणून धुण्याआधी पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचा होता. आईंनी मटार काढायला फ्रीझर उघडला आणि किंचाळल्याच... ओवी मात्र दाराशी बसून, "गज्याला स्वेटर घाला," म्हणून रडत होती.

हे सगळं आईंनी चालवून घेतलं. पण डॉक्टरांनी दिलेला, श्वासातून औषध ओढायचा पंप? नाही म्हणजे नाही. "एवढ्याशा पोरीला पंप? सवय लागेल तिला." डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. मी ओवीला पंप द्यायला लागले की आई पदराशी चाळा करत दारात उभ्या राहायच्या. मला वाटायचं, रागावल्यात.

तर रविवारी... जेवणं झाल्यावर आम्ही दोघं आत्यांच्या मुलाबरोबर द्राक्षाची बाग बघायला गेलो. ओवी आईंजवळ होती, पंप ठेवलेली माझी बॅगही तिथेच. पाहुण्यांसाठी माळ्यावरून जुन्या गाद्या काढल्या होत्या आणि सगळी पोरं त्यावर उड्या मारत होती, हे आम्हाला कुठे माहीत!

फोन आला, "ओवीला दम लागलाय." बांधावरून मी कशी पळाले, मलाच आठवत नाही.

घरात शिरले तर ओटीवर गर्दी. मधे आई, मांडीवर ओवीला ताठ बसवलेलं, तिच्या नाकातोंडावर स्पेसरचा, म्हणजे पंपाला जोडायच्या नळीचा, मास्क नीट धरलेला. "घाबरायचं नाही हं राणी. गज्या सोंडेनं पाणी कसं ओढतो? तसा हळूच श्वास ओढ... शाब्बास. आता सोड."

शेजारून आत्या म्हणत होत्या, "वहिनी, काढा ते. पंपाची लय वाईट सवय लागते."

आईंनी मानही वर केली नाही. "वन्सं, श्वास घ्यायची सवय आहे तिला. तेवढी राहू द्या."

मी ओवीच्या पायाशी जाऊन बसले.

हळूहळू ओवीच्या छातीतली शिट्टी कमी झाली. डॉक्टरांना फोन केला, पुढे काय करायचं ते विचारलं, आणि लगेच नाशिकला निघालो. त्यांनी तपासलं, म्हणाले, वेळेवर दिलंत. आता ओवी ठणठणीत आहे.

गाडीत ती आईंच्या मांडीवर झोपली होती. मी विचारलं, "आई, तुम्हाला कसं जमलं?"

"तू देतेस तेव्हा रोज बघायचे ना दारातून. म्हटलं, तू घरात नसलीस तर?"

मी त्यांचा हात धरला.

लहान मुलांच्या सकाळच्या शिंकांना, पहाटेच्या खोकल्याला "थंडी बाधली" म्हणून सोडून देऊ नका, एवढंच सांगायचं होतं. आणि हो, आई फेसबुकवर नाहीत. नातेवाईकांपैकी कुणीतरी हे त्यांना वाचून दाखवा. मी समोर बसून सांगायला गेले, तर नुसती रडेन.